टोकियोच्या पावसात जुन्या सीडी आणि तबकड्या

जून महिन्यात टोकियोला जा, असे सहसा कुणी सुचवत नाही. चेरीचा बहर संपून दोन महिने उलटलेले असतात आणि तिकडचा 'त्सुयू' म्हणजे पावसाळा नेमका याच सुमारास सुरू होतो. निशी-कासाईला राहणाऱ्या मावसभावाने बोलावले तेव्हा मी तरीही हाच महिना निवडला, कारण मला बागा आणि देवळे पाहायची नव्हती. वापरलेल्या सीडी आणि एलपी, म्हणजे सुईने वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या, विकणारी दुकाने पाहायची होती, आणि ती सगळी छपराखाली असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरून मला तबकड्या घेण्याची सवय आहे. तिथे सुतळीने बांधलेला गठ्ठा सोडवायचा, कव्हर एकाचे आणि आतली तबकडी भलत्याचीच असे निघाले की हसून पुढे जायचे आणि अखेरीस भाव पाडून घ्यायचा, अशी पद्धत. टोकियोत यातले काहीच चालत नाही.

जपानमध्ये सीडी अजून जिवंत आहे याला कारणे आहेत. सोनीचा पहिला सीडी प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी याच देशात विक्रीला आला. पुस्तकांप्रमाणेच नव्या सीडीची किंमतही तिथे कंपनी ठरवते आणि दुकानदाराला ती मनाप्रमाणे उतरवता येत नाही, त्यामुळे नवी सीडी तीन हजार येनांच्या घरात जाते. नवे इतके महाग असले की जुन्याचा बाजार आपोआप भरतो.

गुरुवार : शिंजुकू

शिंजुकू स्थानकातून योग्य दाराने बाहेर पडणे हे एक वेगळेच शास्त्र आहे. पूर्वेचे दार धरावे, एवढे सांगून पुढे जाते. स्थानकाच्या या बाजूला, किनोकुनिया या प्रसिद्ध पुस्तकांच्या दुकानाच्या आसपास, 'डिस्क युनियन' या साखळीची कितीतरी दुकाने विखुरलेली आहेत. एकाच दुकानात सगळे संगीत, असा मामला इथे नाही. जॅझचे दुकान निराळे, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे निराळे, हेवी मेटलचे निराळे, ब्राझील आणि लॅटिन अमेरिकेचे निराळे. बरीचशी दुकाने चिंचोळ्या इमारतींच्या एकेका मजल्यावर असल्यामुळे रस्त्यावरून दिसत नाहीत. मान वर करून पाट्या वाचत चालावे लागते, आणि छत्री हातात असताना ते जमत नाही.

पहिल्या दुकानात तासभर मी काहीच विकत घेतले नाही, नुसती लेबले वाचत बसले. प्रत्येक सीडी आणि एलपी पारदर्शक पिशवीत असते आणि पिशवीवर बोटाएवढी चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर किंमत, तबकडीची अवस्था, कव्हरची अवस्था, आतला कागद आहे की नाही, कोपरा दुमडलेला आहे काय, मागे डाग आहे काय, आधीच्या मालकाने पेनाने काही लिहिले आहे काय, हे सगळे नोंदलेले असते. तबकडी आणि कव्हर यांना वेगवेगळी श्रेणी दिलेली असते, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. अवस्था सांगणारी अक्षरे रोमन असतात. बाकीचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून वाचता येतो.

जपानी आवृत्तीच्या डाव्या कडेला कागदाची एक उभी पट्टी गुंडाळलेली असते. तिला 'ओबी' म्हणतात. किमोनोवर बांधतात त्या पट्ट्याचेच हे नाव. कलाकाराचे नाव, किंमत, कंपनीची जाहिरात असा मजकूर तिच्यावर जपानीत छापलेला असतो. कागदाची ही पट्टी फाटून जाणे किंवा फेकली जाणे अगदी सोपे, म्हणून ती शाबूत असेल तर संग्राहक जास्त पैसे मोजतात. मी एकाच अल्बमच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हींच्या तबकड्यांना तीच श्रेणी होती, पण पट्टी असलेली प्रत पट्टी नसलेल्या प्रतीच्या जवळजवळ दुप्पट दराची होती. सुई काही पट्टीवरून फिरत नाही. तेव्हापासून मी सरसकट बिनपट्टीच्या, कव्हरला सुरकुती पडलेल्या आणि तबकडी स्वच्छ असलेल्या प्रती उचलत गेले. संग्रह करणाऱ्यांच्या चोखंदळपणाचा खरा फायदा नुसते ऐकणाऱ्यांना होतो, हे मला टोकियोत जितके स्पष्ट दिसले तितके दुसरीकडे कुठेच दिसले नव्हते.

जेवण मुद्दाम 'नाकामुराया'त केले. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्यावर १९१२ मध्ये झालेल्या बाँबहल्ल्यानंतर ब्रिटिशांचा ससेमिरा चुकवत १९१५ मध्ये जपानला पोहोचलेले रासबिहारी बोस याच नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याकडे लपून राहिले होते. पुढे १९१८ मध्ये त्यांनी त्या घरची मुलगी तोशिको हिच्याशी लग्न केले आणि १९२७ मध्ये त्यांच्या आग्रहाने इथे भारतीय पद्धतीची कोंबडीची करी सुरू झाली. आज ती तळघरातल्या उपाहारगृहात मिळते. हाडासकट कोंबडी, भात वेगळ्या ताटलीत आणि सोबत लोणच्यांच्या वाट्या. तिखटाच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी अपेक्षा ठेवू नये, पण रस्सा दाट आणि मसाला खरा आहे.

*सूचना :* बहुतेक दुकाने सकाळी अकरा-बाराच्या आधी उघडत नाहीत आणि रात्री आठच्या सुमारास बंद होतात. पासपोर्ट जवळ ठेवावा. ठरावीक रकमेवरच्या खरेदीवर पर्यटकांना दहा टक्के उपभोग-कराची सवलत मिळते, मात्र प्रत्येक दुकानात ती सोय असतेच असे नाही. घासाघीस अजिबात करू नये, कारण श्रेणी आणि किंमत यांचा हिशोब दुकानाने आधीच मांडलेला असतो.

शुक्रवार : ओचानोमिझू ते जिम्बोचो

हा दिवस सर्वांत चांगला गेला. ओचानोमिझू स्थानकाच्या एका अंगाला कांदा नदी आणि दुसऱ्या अंगाला उतारावरचा रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गिटारींची दुकाने, आणि मेइजी विद्यापीठाची मुले पाठीवर वाद्यांच्या पिशव्या घेऊन चाललेली. डिस्क युनियनचे 'जॅझ टोकियो' हे दुकान याच भागात दुसऱ्या मजल्यावर आहे. आत पाऊल टाकले की एलपींच्या लाकडी कप्प्यांच्या रांगा दिसतात आणि त्या चाळण्याचा खपखप असा एकसारखा आवाज कानावर पडतो. बोलत कुणीच नाही. बहुतेक गिऱ्हाइके साठीच्या पुढचे पुरुष होते. तबकडी दोन बोटांनी अर्धी वर काढायची, नजर टाकायची आणि तितक्याच अलगद खाली सोडायची, ही त्यांची लय बघत राहावी अशी.

जॅझच्या कप्प्यात मला 'शक्ती'ची जपानी एलपी मिळाली. जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांचा हा चमू सत्तरच्या दशकातला. भारतीय संगीताच्या कप्प्यात मी तो शोधत राहिले असते तर जन्मात सापडला नसता. इथे ऐकून पाहण्याची सोय होती. तबकडी काउंटरवर नेऊन 'शिचो' एवढा एकच शब्द म्हटला की दुकानातला माणूस ती स्वतः प्लेअरवर ठेवतो आणि हेडफोन आपल्या हाती देतो. सुईला आपण हात लावायचा नसतो. मी ऐकत असताना शेजारी आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या असलेल्या एका आजोबांनी कव्हरकडे पाहिले, हेडफोनकडे बोट केले आणि 'झाकिर-सान' असे म्हणून काउंटरच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. मी एक बाजू काढून हेडफोन त्यांच्या कानाजवळ नेला. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेल्याची बातमी त्यांनाही माहीत होती, हे त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळले. मग त्यांनी माझ्या हातातल्या बाकीच्या तबकड्या एकेक करून पाहिल्या, एका कव्हरवर नाक मुरडले आणि कप्प्यातून त्याच कलाकाराची दुसरी काढून दिली. ती निम्म्या दराची होती आणि आज माझ्याकडची सर्वांत जास्त वाजणारी तबकडी तीच आहे.

तिथून उतार उतरत जिम्बोचोला चालत जाता येते. हे जुन्या पुस्तकांचे गाव. यासुकुनी रस्त्यावरची बहुतेक पुस्तकांची दुकाने दक्षिणेच्या बाजूला आहेत, म्हणजे त्यांची तोंडे उत्तरेला. उन्हाने पुस्तके विटू नयेत म्हणून. त्या दिवशी ऊन नव्हतेच, पाऊस होता, आणि बाहेर मांडलेल्या पुस्तकांवर दुकानदार प्लॅस्टिकचे कागद ओढत होते. 'कांदा कोशो सेंटर' या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 'बाँडी' नावाचे करीचे प्रसिद्ध ठिकाण आहे. १९७३ पासून चालणाऱ्या या ठिकाणी करीच्या आधी उकडलेला अख्खा बटाटा आणि लोण्याची वडी येते. त्या बटाट्याचे काय करायचे हे पाहण्यासाठी मी शेजारच्या टेबलाकडे पाहिले. प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने खात होता, तेव्हा मीही तेच केले.

याच परिसरात लाखेच्या, म्हणजे ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) जुन्या तबकड्याही विकायला असतात. तिकडे त्यांना 'एसपी' म्हणतात. दुकानदाराने काढून दाखवलेली तबकडी युद्धपूर्व काळातली होती, जपानी गायिकेची, जड आणि काळीभोर; कडेवर टवका उडाला होता तिथे आतला राखाडी थर दिसत होता. जगभरच्या या तबकड्यांसाठी लागणारी लाख बहुतांशी आपल्याकडून, छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतून जात असे. कुसुम आणि पळसाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेला तो स्राव टोकियोच्या गल्लीतल्या काचेच्या कपाटापर्यंत कसा आला असेल, याचा विचार करत मी ती परत दिली. विकत घेणे शक्य नव्हते. लाखेची तबकडी सामानात फुटतेच.

शनिवार : शिबुया

सकाळपासून धो धो. पण टोकियोतल्या दुकानांची एक रीत पावसातच कळते. पैसे दिले की माणूस कागदी पिशवीवर प्लॅस्टिकचे आवरण चढवतो आणि त्याची तोंडे चिकटपट्टीने बंद करतो. हे कुणी मागावे लागत नाही. एलपीच्या कव्हरला पाणी लागले की ते फुगते आणि कायमचे वाकते. त्यामुळे मला ही काळजी सोन्याच्या दुकानात घेतात तशी वाटली.

'टॉवर रेकॉर्ड्स'ची पिवळी इमारत १९९५ पासून इथे आहे. अमेरिकेतली मूळ कंपनी २००६ मध्ये बुडाली, पण जपानमधली शाखा त्याआधीच स्वतंत्र झाल्यामुळे तगली. इथे मुख्यतः नवा माल असतो. एलपींच्या मजल्यावर वापरलेल्याही मिळतात, मात्र दर चढे. नवे काय निघते आहे ते पाहायला जावे, खरेदीला नव्हे, असे माझे मत झाले. उदागावाचो भागात 'एचएमव्ही रेकॉर्ड शॉप' आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या दुकानात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी पॉप संगीताच्या एलपींपुढे परदेशी तरुणांची इतकी गर्दी होती की मला कप्प्यापर्यंत पोहोचता आले नाही. या 'सिटी पॉप'चे दर गेल्या काही वर्षांत फार वाढले आहेत. तेच अल्बम सीडीवर कितीतरी स्वस्त मिळतात आणि तिकडे कुणी फिरकत नाही. जुन्या मार्गदर्शिकांत हमखास नाव असलेले 'रेकोफान' हे शिबुयाचे मोठे दुकान २०२० मध्येच बंद झाले, तेव्हा ते शोधत फिरू नये.

सीडीच्या कप्प्यांत मी इथे एक वेगळा शोध केला. ऐंशीच्या दशकात सीबीएस-सोनीने काढलेल्या पहिल्या सीडींच्या कण्यावर, म्हणजे डबीच्या अरुंद कडेवर, '३५ डीपी' असा क्रमांक असतो. त्यातला ३५ म्हणजे त्या काळची ३,५०० येन ही किंमत. '३५ डीपी १' हा क्रमांक अमेरिकन गायक बिली जोएल यांच्या अल्बमचा, म्हणजे प्लेअरसोबत बाजारात आलेल्या अगदी पहिल्या सीडींपैकी एक. पुढे किंमत उतरली आणि ३२ ने सुरू होणारे क्रमांक आले. पुष्कळ गिऱ्हाइकांना या आकड्यांशी देणेघेणे नसते, पण जुन्या आवृत्त्यांचा आवाज पुढच्या काळातल्या आवृत्त्यांसारखा अकारण चढवलेला नसतो, त्यामुळे ज्यांना शांत जागा शांतच ऐकायच्या आहेत त्यांनी कणा वाचायला शिकावे.

संध्याकाळी डोगेनझाकाच्या चढावरच्या 'लायन'मध्ये गेले. १९२६ मध्ये सुरू झालेले आणि युद्धानंतर १९५० मध्ये पुन्हा बांधलेले हे कॉफीचे ठिकाण केवळ पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी आहे. सगळ्या खुर्च्यांची तोंडे एकाच दिशेला, लाकडी कोरीवकामात बसवलेल्या दोन मजली ध्वनिवर्धकांकडे, जसे काही तिथे रंगमंचच आहे. बोलायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. वाढणारी बाई पेला ठेवतानाही आवाज होऊ देत नव्हती. माझ्या पुढच्या खुर्चीत बसलेले गृहस्थ गाढ झोपले होते आणि त्याला कुणाची हरकत नव्हती.

रविवार : शिमोकिताझावा

शिबुयाहून इनोकाशिरा मार्गाची छोटी गाडी निघते. जूनमध्ये या रुळांच्या कडेने निळी-जांभळी 'आजिसाई' म्हणजे हायड्रेंजिया फुललेली असते, आणि पाऊस थांबून तास झाला होता. वहिनीही सोबत आली होती. तिला जपानी चांगले येते आणि रेकॉर्डमधले काहीही कळत नाही, त्यामुळे आमची जोडी उत्तम जमली.

शिमोकिताझावा हा जुन्या कपड्यांचा, छोट्या नाट्यगृहांचा आणि अरुंद गल्ल्यांचा भाग. ओदाक्यू रेल्वे २०१३ मध्ये जमिनीखाली गेल्यापासून वरच्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यात नवी दुकाने झाली आहेत. डिस्क युनियनची शाखा इथेही आहे, पण आम्ही अधिक वेळ काढला तो 'सिटी कंट्री सिटी'मध्ये. एका साध्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एका बाजूला एलपींचे कप्पे आणि दुसऱ्या बाजूला टेबले; पास्ता खावा, कॉफी प्यावी आणि मधेच उठून कप्पे चाळावेत. माल थोडा, पण निवडून ठेवलेला. वहिनीने वाढणाऱ्या मुलीला विचारले, आत्ता काय वाजते आहे? मुलीने कव्हर आणून टेबलावर उभे करून ठेवले आणि तबकडी संपेपर्यंत ते तिथेच राहू दिले.

*सूचना :* अशा लहान दुकानांत मोठी पाठपिशवी घेऊन जाऊ नये. कप्प्यांमधली वाट एका माणसापुरतीच असते. शेजारी कुणी चाळत असेल तर त्याचा हात ओलांडून पुढचा कप्पा धरू नये. तो पुढे सरकेपर्यंत थांबावे.

सोमवार : बुक-ऑफ आणि बांधाबांध

शेवटचा दिवस घराजवळच काढला. 'बुक-ऑफ' ही १९९० मध्ये सुरू झालेली जुन्या पुस्तकांची साखळी सगळीकडे आहे आणि जाणकार तिच्याकडे नाके मुरडतात. मला ती फार आवडली. सर्वांत खालच्या दराच्या कप्प्यात शंभर-दोनशे येनांपासून सीडी असतात, आणि एक येन म्हणजे साधारण साठ पैसे धरले तर हे आपल्या पावभाजीपेक्षा स्वस्त पडते. इथे जपानी कलाकार जपानी वर्णक्रमाने लावलेले असतात. तो क्रम अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे, कारण बौद्ध भिक्षूंसोबत गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून तो बेतलेला आहे. काताकाना या जपानी लिपीतली अक्षरे थोडी ओळखता येऊ लागली की आपल्याला कप्पा शोधायला कष्ट पडत नाहीत. माझ्यासोबत शोधणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन मुलाला मात्र 'त'नंतर 'न' का, हे काही केल्या उमगेना.

परदेशी संगीताच्या तळच्या रांगेत, आयरिश बासरी आणि हवाईयन गिटार यांच्या मधे, लंडनच्या 'नवरस' कंपनीने काढलेली पंडित भीमसेन जोशींची सीडी होती. आत जपानीत छापलेला चारपानी कागद. रात्री जेवणानंतर वहिनीने तो मोठ्याने वाचून मराठीत सांगितला: तानपुरा कसा लावतात, विलंबित म्हणजे काय, श्रोत्यांमधून मधेच येणारे आवाज हे दाद देण्याचे आहेत, व्यत्यय नव्हे. भावाने तोवर सीडी लावली होती आणि त्या 'व्यत्ययां'ची आम्ही वाट पाहत होतो.

बांधाबांधीचे म्हणाल तर एलपी कव्हरसकट पाव किलोहून जास्त भरते. वीस घेतल्या की पाच किलो गेले. त्या हातातल्या सामानात, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, उभ्या ठेवाव्यात. सीडींसाठी डिस्क युनियनमध्ये मऊ प्लॅस्टिकची पातळ पाकिटे मिळतात. कडक डबी काढून सीडी, पुस्तिका आणि मागचा कागद त्यात सरकवला की जाडी तिसऱ्या हिश्श्यावर येते. रिकाम्या डब्या मी भावाकडेच ठेवल्या आणि वहिनीने त्या कचऱ्याच्या कोणत्या वारी कोणत्या पिशवीत टाकायच्या, याची यादी पाहायला घेतली.

ज्याच्याकडे एकच दिवस असेल त्याने शिंजुकू आणि शिबुया सोडून द्यावे, अकराच्या सुमारास ओचानोमिझूला उतरावे आणि उताराने जिम्बोचोपर्यंत चालत यावे. फक्त तो दिवस रविवार नसावा. जिम्बोचोतली बरीच दुकाने त्या दिवशी बंद असतात.